हरवलेला वारसा? दोन गेम आणि खिद्रापूर

आजचा विषय जरा वेगळा आहे. गेल्या महिन्यात मी दोन व्हिडिओ गेम खेळून संपवले. हसू नका, मुद्दा इतिहासाचाच आहे.

पहिला 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'. 'नॉटी डॉग' या अमेरिकन स्टुडिओनं २०१७ साली काढलेला. क्लोई आणि नदीन या दोघी होयसळांच्या पडक्या नगरात गणेशाचा दात शोधत फिरतात, तेही आपल्या सह्याद्रीत! चिखलातून जीप घसरायला लागली की मला थेट पावसाळ्यातला आंबा घाट आठवायचा.

दुसरा 'राजी: ॲन एन्शंट एपिक', २०२० चा. हा पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं केलाय. राजी ही कसरती करणारी पोरगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ती त्याच्या शोधात निघते. ती खांबावर चढून गरगर फिरते तेव्हा मल्लखांबच डोळ्यांसमोर येतो. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. दोन्ही गेम मला आवडले.

आता तक्रार. 'लॉस्ट लेगसी'त डोंगराएवढ्या मूर्ती आहेत. खरे होयसळ तसे नव्हते. बेलूरचं मंदिर १११७ चं. मऊ दगड, चांदणीच्या आकाराचा चौथरा आणि दागिन्यासारखं बारीक कोरीवकाम. त्यांची ताकद उंचीत नाही, बारकाव्यात आहे.

पण खरी गोष्ट मला भाच्यानं दाखवली. दोन्ही गेम त्यानं माझ्या शेजारी बसून पाहिलेले. एका रविवारी त्याला घेऊन मी कृष्णाकाठच्या खिद्रापूरला गेलो, कोपेश्वर मंदिर दाखवायला. पठ्ठ्या खालच्या दगडी हत्तींवर हात दाबत फिरायला लागला. म्हटलं, काय करतोयस? म्हणाला, "गुप्त दरवाजा बघतोय." आणि मग हळूच, "मामा, हे बांधणारी माणसं गेली कुठं?"

मी गप्पच झालो. कारण दोन्ही गेममध्ये तेच तर आहे! होयसळ नगरात शत्रू सोडले तर चिटपाखरू नाही. राजीच्या वाटेवरही राक्षसच राक्षस. गेम बनवणाऱ्यांची अडचण कळते. प्रत्येक माणसाला चालणं, बोलणं, चेहरा द्यायचा म्हणजे केवढं काम! रिकामा वाडा सोपा पडतो. पण पोरांच्या डोक्यात बसतं ते हे, की आपला भूतकाळ म्हणजे कुणी नसलेली जागा, आणि आत शिरून काहीतरी उचलून आणायचं.

मग तिथंच बसून त्याला सांगितलं. हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढं देवगिरीच्या यादव सिंघणानं शिलाहार भोजाला हरवून हा मुलूख घेतला. म्हणजे राज्य गेलं. पण मंदिर ओस पडलं का? नाही. त्याच सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख इथं आहे, देवाला गाव दान दिल्याचा. जिंकणाऱ्यानंही दिवा चालू ठेवला. पुढं राजे बदलले, राज्यांच्या सीमा बदलल्या. या कोपेश्वरासमोर नंदी नाही, तो यडूरला आहे असं लोक सांगतात. यडूर आज कर्नाटकात आहे. म्हणून कुणी ते नातं तोडलेलं नाही.

"माणसं कुठं गेली नाहीत रे," मी म्हटलं, "ती बघ, ओटी घेऊन आत चाललीत."

त्याला ते पटलं की नाही, माहीत नाही. पण कार्तिक पौर्णिमेला पुन्हा यायचं, असं त्यानंच ठरवलंय. त्या रात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्यावर येतो आणि ४८ खांबांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नसते. एवढी गर्दी कुठल्या गेममध्ये बसायची?

तुमच्या गावात असं काय आहे, जे गेममध्ये यायला हवं? माणसांसकट, बरं का! नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.