अंगणवाडीचा वारसा : लोकाश्रय आणि राजाश्रय

शाळेपूर्वीच्या वयातील मुलांचे शिक्षण सरकारने करावे की समाजाने, हा वाद आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपणां मराठी जनांस त्याचा इतिहास विशेष जवळचा वाटावा. कारण तो भावनगराहून सुरू होतो.

तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर उघडले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या आदिवासी परिसरात गेले.

स्वातंत्र्यानंतर राजाश्रयाचे पर्व आले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. पैसा सरकारचा आणि काम स्वयंसेवी संस्थांचे, ही रीत त्यामुळे रूढ झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोचले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला शाळापूर्व शिक्षणही त्या योजनेत होते. परंतु आहाराच्या नोंदवह्यांपुढे ते बहुधा मागे पडले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास तेथपासूनच. त्या खर्चाची प्रतिपूर्ती सरकारने करावयाची आहे. मात्र तीन ते सहा वर्षांच्या सर्व मुलांची सोय करणे त्याच कायद्याने सरकारच्या इच्छेवर सोडले आहे.

आयुष्याची बरीच वर्षे सरकारी फायलींत घालविल्यावर एक गोष्ट मनावर ठसली आहे. अनुदान पुढील आर्थिक वर्षात देता येते. मुलाचे चौथे वर्ष मात्र पुन्हा येत नाही. म्हणून भागीदारीची कसोटी हिशेबाच्या ताळमेळात नाही, मुलाच्या अंगणापर्यंत कोण पोचले यात आहे. सरकारने पैसा वेळेवर द्यावा, संस्थांनी दाराशी न थांबता वस्तीत जावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळानेही परिसरातील एखादे अंगण आपले मानले, तर बोर्डीचा तो वारसा खऱ्या अर्थाने पुढे चालेल.