स्वामीजी होण्याआधीचे व्यंकटेश खेडगीकर

१७ सप्टेंबरला आपल्याकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. त्या भाषणांत स्वामीजी थेट १९३८ च्या सत्याग्रहातच अवतरतात. मला मात्र त्याआधीचा, पंचविशीतला तरुण जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण "शासनात, धोरणाच्या कामात जायचंय, पण सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी पोरं-पोरी आज धाराशिवच्या गावागावांत आहेत.

व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म १९०३ चा, सिंदगीचा. पुण्यात टिळक विद्यापीठात शिकले आणि पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक झाले. जोशी १९२० साली आयटकच्या स्थापनेत होते, केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. कामगार संघटनांसाठी कायदा हवा, असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मांडला. कायदा झाला १९२६ साली. एका ठरावाचा कायदा व्हायला पाच वर्षं! अशा चिवट माणसाच्या हाताखाली काम करणं हीच त्या काळची फेलोशिप समजा.

पुढे तब्येत ढासळली. मग हा तरुण आला कुठं, तर आपल्या हिप्परग्याला. आज लोहारा तालुक्यात असलेल्या या गावात १९२१ पासून राष्ट्रीय शाळा चालत होती. तिथं ते शिक्षक झाले. १९३२ मध्ये संन्यास घेतला, तोही तिथंच.

ही मागं जाणारी वाट वाटते ना? पण तेव्हाची परिस्थिती बघा. आपण निजामाच्या राज्यात होतो. लोकांनी निवडलेलं कायदेमंडळ नाही, कारभाराची भाषा उर्दू, आणि 'गश्ती निशान ५३' मुळे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. जिथं सभाच घेता येत नाही, तिथं नागरिक घडवायची जागा एकच उरते, ती म्हणजे शाळा. कायदा कसा होतो हे जोशींकडे पाहिलं आणि कायद्यात आवाजच नसलेली माणसं कशी जगतात हे हिप्परग्यात. या दोन तालमींनंतर अंबाजोगाईची शाळा, १९३८ चा तुरुंगवास, १९४८ पर्यंतचा लढा, आणि १९५२ व १९५७ साली लोकसभा.

आता आजचं. आपली पोरं पुण्यात खोली करून वर्षानुवर्षं एमपीएससी देतात. परीक्षा द्यावीच, पण तेवढं एकच दार धरून बसू नये. मुख्यमंत्री फेलोशिप आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. यातलं काही मिळालं नाही तरी आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मागून वाचा, ग्रामसभेत बसा, रोजगार हमीच्या कामाचं सामाजिक अंकेक्षण कसं होतं ते बघा. २०१८ साली आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्या यादीतले आकडे आपल्याच अंगणवाडीतून, शाळेतून जातात. ते वाचता येणारं गावचं कोणी आहे का?

कुणी म्हणेल, स्वामीजींचा संन्यास होता, आमच्या पोटाचं काय? बरोबर आहे. बिनपगारी सुरुवात घरचं भागतंय त्यालाच परवडते. शेतमजुराच्या लेकीला "आधी दोन वर्षं सेवा कर" हे सांगायचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेनं आणि पंचायत समित्यांनी इथल्याच तरुणांसाठी वर्षभराची, मानधनाची शिकाऊ पदं काढावीत. बाहेरून येणारा फेलो वर्षभरानं परत जातो, गावचा माणूस शिकला तर गावातच राहायची शक्यता जास्त.

यंदा १७ सप्टेंबरच्या भाषणात पुढाऱ्यांना एवढंच विचारा: हिप्परग्याच्या त्या मास्तरासारखी सुरुवात करायला आज या जिल्ह्यात जागा कुठं आहे?