मूलपेशी, मेंदूसदृश ऊती आणि नियमनाचा इतिहास
ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधन-निधीस पात्र ठरविलेल्या ६४ भ्रूणीय मूलपेशीसंचांपैकी ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची मूलपेशीविषयक स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे मात्र २००७ मध्ये आली. त्यांनी मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढविण्यास मनाई केली. २०१३ मध्ये व्हिएन्ना येथे मूलपेशींपासून मेंदूसदृश ऊती घडविण्यात आल्या. त्वचेच्या पेशींपासूनही तयार होणाऱ्या व महिनोन्महिने वाढणाऱ्या या ऊतींना भ्रूणाचा निकष लागू पडत नाही. त्यांत संवेदना उद्भवल्यास काय, पेशीदात्याची संमती कोठवर पुरेल, हे प्रश्न म्हणूनच उरतात. नियमांनी प्रयोगामागून न येता प्रयोगाआधी यावे, हाच मुंबईच्या अनुभवाचा बोध होय.