उघड्या कार्डावरचा मजकूर

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. साध्या पाकिटाला अर्धा आणा पडे. मूळ कल्पना ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राचे अध्यापक इमॅन्युएल हेरमान यांची. चार ओळींच्या निरोपाला लखोटा आणि पूर्ण टपालखर्च कशाला, असा त्यांचा हिशेब होता. त्यानुसार ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिले कार्ड काढले. पैसे वाचले, पण मजकूर उघडा पडला. डाकघरात, वाटेत, शेजारच्या ओट्यावर तो कोणालाही वाचता येई. पुष्कळ घरांत तर पोस्टमननेच कार्ड वाचून दाखवायचे, कारण घरात वाचता येणारे कोणी नसे.

मराठी घरांनी यातून आपली वहिवाट बसवली. पाऊसपाणी, गाय व्याली, मुलगा पास झाला, हे कार्डावर. सोयरिकीतले देणेघेणे, कर्ज, भाऊबंदकी पाकिटात. पाकीट परवडत नसेल तर ‘बाकी समक्ष भेटीअंती’. ‘मागे बोललेले काम अजून झाले नाही’ एवढेच लिहिले जाई. कोणते काम, ते दोघांनाच ठाऊक. सासुरवाशिणीला एवढीही सोय नसे. तिचे कार्ड बहुधा सासरचेच कोणी लिहून देई. मग ‘मी सुखी आहे’ यापलीकडे त्यात काय येणार? मृत्यूच्या कार्डावर ‘श्री’ नसे, कोपरा फाडलेला असे आणि वाचताच ते फाडून टाकत.

इंग्लंडच्या न्यायालयांनीही हा फरक मानला. १९१५ च्या हुथ विरुद्ध हुथ खटल्यात, न चिकटवलेले पाकीट घरच्या नोकराने उघडून वाचले म्हणून बदनामीचा मजकूर प्रसिद्ध झाला, हे न्यायालयाने मान्य केले नाही. पोस्टकार्ड मात्र वाटेत कोणीतरी वाचणारच, असे गृहीत धरले गेले.

भारतात १९५० पासून घडी घालून चिकटवायचे अंतर्देशीय पत्र मिळू लागले आणि थोडक्या पैशांत आडपडदा आला.

ईमेलने घोटाळा उलटा केला. कार्डाचे उघडेपण लिहिणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होते. ईमेल बंद पाकिटासारखी वाटे, पण वाटेतल्या संगणकांवर ती वाचता येण्याजोगी असे. अमेरिकी प्रोग्रामर फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये संदेश सांकेतिक करणारी पीजीपी प्रणाली लोकांना फुकट दिली. तिची गरज पटवताना त्यांनी दाखला दिला तो पोस्टकार्डाचाच: लपवण्यासारखे काही नसेल, तर सगळा पत्रव्यवहार कार्डावर का करत नाही?