४यू म्हणजे नेमकं किती?

जळगावात किंवा धुळ्यात रॅकेट घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, "३यू देऊ का ४यू?" आकडा मोठा म्हणजे रॅकेट जड, असं आपण धरून चालतो. आहे उलटं. सर्रास चालणाऱ्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९. पेटची तयारी करत असाल तर यामागचा इतिहास जरूर बघा.

१८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत. त्याला 'पूना' असंच म्हणत. १८९३ मध्ये इंग्लंडात बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली. जुन्या नियमांत फुलाचं वजन ७३ ते ८५ ग्रेन होतं. आजचे ४.७४ ते ५.५० ग्रॅम हे विचित्र आकडे त्यातूनच आलेत. ग्रेनला ०.०६४८ ने गुणून बघा, जवळपास तेच येतं. आज रॅकेटची लांबी ६८० आणि रुंदी २३० मिलिमीटरच्या आत हवी. तिच्या वजनाला मात्र नियमात मर्यादाच नाही!

सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकले, तो काळ लाकडी रॅकेटचा. वाकू नये म्हणून ती प्रेसमध्ये आवळून ठेवत. पुढे धातू आला, मग कार्बन फायबर, आणि वजन उतरत गेलं. नियम गप्प, त्यामुळे वर्ग पाडले ते कंपन्यांनी.

उलटा आकडा खानदेशाला नवा नाही. अमळनेरची प्रताप मिल आठवा. सुताचा काउंट वाढला की धागा बारीक. पण काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. म्हणून ४० काउंटचा धागा तेवढ्याच लांबीला २० च्या निम्म्या वजनाचा भरतो. ४यू मात्र २यूच्या निम्मा नाही. काउंट रेशो स्केलवर आहे, यू फक्त ऑर्डिनल.

मी पहिल्या वर्षी पाण्याच्या गढूळपणाला १, २, ३ असे दर्जे दिले आणि सरळ त्यांची सरासरी काढली. गाईडनी एकच विचारलं, "दीड गढूळ म्हणजे किती?" दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

आणखी एक. यूचं वजन सहसा तार न लावलेल्या रॅकेटचं असतं. तार आणि वरची ग्रिप चढली की काटा पुढे सरकतो. तेव्हा तक्त्यात आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा: कोणी ठरवला, कशाचा आहे, आणि कुठल्या अवस्थेत मोजला?