किरणोत्सवाची तारीख, यात्रेची तिथी

१/ कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीस होतो. जोतिबाची यात्रा मात्र चैत्र पौर्णिमेस. तिची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते.

२/ किरणोत्सव सूर्याशी बांधलेला. १० नोव्हेंबर व १ फेब्रुवारी हे दिवस २१ डिसेंबरपासून अनुक्रमे ४१ व ४२ दिवस दूर. म्हणून मावळतीची किरणे दोन्ही वेळा जवळजवळ एकाच दिशेने गाभाऱ्यात शिरतात.

३/ चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. अधिक मास ती तूट भरून काढतो व चैत्र वसंतातच राहतो.

४/ संगणकातील ‘क्रॉन’ मिनिट, तास, दिनांक, महिना, वार एवढेच जाणतो. किरणोत्सव त्यात लिहिता येतो. चैत्र पौर्णिमेला पंचांगच हवे.

५/ तरीही अचूक तारीख पुरत नाही. किरणांच्या वाटेत इमारत आली, की उत्सव अपुरा राहतो.