शिकलेला कुत्रा कुणाला म्हणावे?

कुत्र्याशी बोलण्यासाठी आपल्या मराठीने तीन शब्द फार पूर्वीपासून तयार ठेवले आहेत. जवळ बोलवायचे तर ‘यू यू’, कुणाच्या अंगावर सोडायचे तर ‘छू’ आणि हाकलायचे तर ‘हाड’. ‘बस’ आणि ‘थांब’ यांसाठी मात्र खास कुत्र्याचे असे शब्द आपण घडवले नाहीत. अंगणातल्या कुत्र्याला बसायला कोण कशाला सांगेल? तो आपला आपण बसतो. पुढे कुत्रा फ्लॅटमध्ये आला आणि त्याच्याबरोबर ‘सिट’, ‘स्टे’, ‘शेक हँड’ आले. ज्या घरात एरवी इंग्रजीचा शब्द कानी पडत नाही, तिथेही कुत्रा इंग्रजी माध्यमातच शिकतो! त्याची स्वतःची काही हरकत नसते. शब्द छोटा हवा आणि दर वेळी तोच हवा, एवढेच त्याचे म्हणणे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने शिकारी कुत्र्यांविषयी ग्रंथ लिहिला. कुत्र्यांची नावे आखूड ठेवा, म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असे सांगून त्याने नावांची लांबलचक यादीच दिली आहे.

या विषयावर बोलणार म्हटल्यावर एका स्नेह्याने मला विचारले, “तुमच्यात कुत्रा चालतो का हो?” प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे नीट धुऊन घ्यावे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यातही इमाम मालिक यांच्या परंपरेत कुत्र्याला मुळातच अपवित्र मानत नाहीत. शिकार आणि शेताची, गुराढोरांची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा तर सर्वांनाच आहे. आणि ज्या गोष्टीचा आमच्या लोकांनाही बहुधा विसर पडतो ती अशी, की कुत्र्याचे शिक्षण हा इस्लामी धर्मशास्त्राचा एक रीतसर विषय आहे.

कुराणाच्या पाचव्या सूरेतली चौथी आयत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांविषयी आहे. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या, शिकलेल्या जनावराने धन्यासाठी पकडून ठेवलेली शिकार खाणे हलाल आहे. न शिकलेल्या कुत्र्याने मारलेली तीच शिकार चालत नाही. जात तीच, दात तेच. फरक पडतो तो शिक्षणाने. मग शिकलेला कुणाला म्हणायचे? हा प्रश्न प्रेषितांपुढे नेणाऱ्यांत अदी नावाचे गृहस्थ होते. आपल्याकडे गोष्टींच्या पुस्तकांतून घरोघरी पोचलेल्या हातिमताईचे हे चिरंजीव. त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की कुत्र्याने शिकारीतले स्वतः खाल्ले असेल तर तुम्ही खाऊ नका; ती त्याने स्वतःसाठी पकडली असण्याचा संभव आहे.

बाराव्या शतकात मध्य आशियातल्या मरगीनानी या पंडिताने ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा ग्रंथ लिहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांना त्याची गरज पडली, म्हणून चार्ल्स हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यातले शिकारीचे प्रकरण मला फार आवडते. ससाणा हाकेला परत आला की तो शिकला असे मानावे. कुत्र्याला मात्र ही कसोटी लावता येत नाही. का? ससाणा मुळातच माणसापासून दूर पळणारा, म्हणून त्याचे परत येणे हे शिक्षण. कुत्रा तर माणसाला चिकटलेलाच असतो. त्याची सवय हिसकावून खाण्याची. म्हणून पकडलेले न खाणे हे त्याचे शिक्षण. ज्याची जी सवय, ती सोडण्यावरून त्याची परीक्षा! अबू हनीफा यांच्या दोन शिष्यांनी तर हिशेबही घातला: तीन वेळा शिकारीला तोंड लावले नाही, की कुत्रा शिकला. खुद्द गुरूंनी आकडा सांगितला नाही, ते जाणकारावर सोपवले. मला गुरूंचे पटते. पण याच ग्रंथात एक कठोर तर्कही आहे. ससाण्याचे अंग मार सोसत नाही, कुत्र्याचे सोसते. तेव्हा त्याला मारून शिकवता येते.

हा मार पुढेही बराच काळ चालू राहिला. जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी पोलिसांचे कुत्रे तयार केले आणि १९१० मध्ये त्याविषयी पुस्तक लिहिले. आधुनिक श्वानशिक्षणाची सुरुवात पुष्कळ जण तिथून मानतात. शाबासकीचे महत्त्व मोस्ट यांना कळत होते, पण पट्ट्याचा हिसका आणि छडी त्यांनी सोडली नाही.

छडीला खरा पर्याय आला तो अमेरिकेतून. १९५१ मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. मुलांचे टिक्‌टिक् वाजणारे खेळणे घ्या, हवी ती हालचाल होताच वाजवा आणि लगेच खाऊ द्या, ही त्याची युक्ती. कॅरन प्रायर आधी डॉल्फिन शिकवीत. १९८४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकानंतर ही युक्ती घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत पोचली.

घरी करून पाहण्यासारखे आहे. खाऊचा तुकडा कुत्र्याच्या नाकापाशी धरावा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर गेले की बूड आपोआप टेकते. टेकले त्याच क्षणी शाबासकी द्यावी आणि तुकडा द्यावा. दोन क्षण उशीर झाला तर तो उठून उभा राहिलेला असतो आणि उठण्याचेच बक्षीस त्याला मिळते. ‘बस’ हा शब्द नंतर जोडायचा. हदीसमधला तो न खाण्याचा धडाही असाच देता येतो. तुकडा मुठीत धरावा. कुत्रा हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही. कंटाळून त्याने तोंड मागे घेतले, की शाबासकी देऊन दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. इथे छडीचे काही कामच उरत नाही.

शाबासकी म्हणजे नेमके काय, याचाही शोध झाला आहे. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली तेरा कुत्र्यांच्या मेंदूचा एमआरआय काढताना त्यांना हंगेरियन शब्द ऐकवले. कौतुकाचा शब्द कोरड्या आवाजात आला किंवा भलताच शब्द लाडाच्या आवाजात आला, तर मेंदूतली सुखाची केंद्रे फारशी हलली नाहीत. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर एकत्र आले तेव्हाच ती जागी झाली. शब्द आणि सूर यांची सांगड घालण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला एवढे चोखंदळ श्रोते मिळते तर!

आपल्याकडे ‘गुड बॉय’ म्हणायची गरज मला वाटत नाही. ‘शाबास’ आहे की. हा शब्द फारसीतल्या ‘शाद बाश’वरून, म्हणजे ‘खुश राहा’वरून, मराठीत आला. आखूडही आहे, झेनोफनचीही हरकत नसती. बुडापेस्टच्या त्या कुत्र्यांना यंत्राच्या धडधडाटात कित्येक मिनिटे निश्चल पडून राहायला शिकवले होते. त्यांना बांधले नव्हते. मनात आले तर उठून जायला ते मोकळे होते.